वीतभर सरळ

अंगातून ती लाट आली तेव्हा मी सिस्टरच्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. पोटातून उठायची, छातीवरून मानेवर आणि मानेवरून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढायची ही लाट गेल्या वर्षभरात माझ्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. एरवी मी उठून नळाखाली मनगटं धरते. त्या दुपारी मांडीवर लॅपटॉप आणि पायांत वायरींचा गुंता, उठायची सोयच नव्हती, म्हणून गाडीच्याच पंख्याचं बटण फिरवलं. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर तोंडावर वारा आला आणि त्याच क्षणी समोरचा डॅशबोर्ड सगळाच्या सगळा पेटला, लाल, पिवळे, जेवढे म्हणून दिवे असतील तेवढे. इंजिन चालू होतं, कानाला ऐकू येत होतं, पण त्याच्या फेऱ्या दाखवणारा काटा शून्यावर पडला होता. एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग जड झालं. चार सेकंद असतील. मग एकेक दिवा विझला, काटा उठला, आणि गाडी काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं गुरगुरत राहिली. मी घामानं निथळत होते आणि एकटीच हसत होते. दोन दिवस तोंड न दाखवणारा दोष माझ्या वयानं बाहेर काढला होता.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. माझ्याच वयाची, बारीक, बोलायला चोख. तीन महिन्यांपासून गाडी तिला असा दगा देत होती, एकदा तर ऐन वळणावर. दोन वर्कशॉप आधीच झाले होते; एकानं डॅशबोर्ड बदलला, दुसऱ्यानं मुख्य कंट्रोल युनिट. नवरा सुट्टीच्या दिवशी तीच गाडी चालवायचा आणि त्याला कधी काही झालं नाही, त्यामुळे घरात असं ठरलं होतं की बाईसाहेबांना भास होतात. हे सांगताना ती हसली नाही. गाडी सोडताना तिनं मला सांगितलं होतं, ‘‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून मला परत पाठवू नका. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवते, त्याची किंमत मला माहीत आहे.’’ आता मी तिला फोन लावला आणि सरळ विचारलं, की हे होतं तेव्हा तुम्हाला अंगातून गरम होत असतं का, आणि तुम्ही पंखा तीनवर नेता का. ती हळूच म्हणाली, हो, पण हे मेकॅनिकला कुठे सांगायचं. मी म्हटलं, मेकॅनिक बाई असेल तर सांगायचं. नवऱ्याला थंडी वाजते, तो पंखा एकच्या वर नेत नाही, हे तिनं न विचारता सांगितलं.

मी गर्विष्ठ आहे असं वर्कशॉपात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. माझा गर्व मी कमावलेला आहे, वारसाहक्कानं मिळालेला नाही, निदान त्या दुपारपर्यंत मला तसंच वाटत होतं. पूर्वीच्या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची वायर असायची. दिवा गेला की वायर धरून चालत जायचं, कुठेतरी तुटलेली सापडायचीच. आताच्या गाडीत डझनभर डबे असतात, इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, स्टिअरिंगचा एक, दारांचे वेगळे, आणि ते सगळे दोनच वायरींवर आपापसात बोलतात. एक बोलला की सगळे ऐकतात. त्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. एकीवरचा विजेचा दाब वर जातो तेव्हा दुसरीवरचा खाली, आणि ऐकणारा डबा फक्त दोघींमधला फरक मोजतो. बाहेरून गोंगाट आला तर पिळामुळे तो दोघींना सारखाच लागतो आणि फरक तेवढाच राहतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत लिहायची थांबले होते, इतकं ते मला आवडलं होतं. आणि एक गंमत आहे. प्रत्येक डबा आपल्या चुका मोजत असतो. फार झाल्या की दुसऱ्यांना त्रास नको म्हणून तो आपणहून गप्प बसतो. स्टिअरिंगचा डबा तेच करत होता.

बॅटरी काढून मीटर लावला होता तेव्हा दोन वायरींमध्ये बरोबर साठ ओहम आले होते. म्हणजे दोन्ही टोकं जागेवर, मध्ये तुटलेलं काही नाही, रिपोर्ट नॉर्मल. आधीच्या दोघांनी इथेच मीटर गुंडाळून ठेवला असणार. आता मी दोन्ही वायरींवर स्कोप, म्हणजे विजेचा दाब लॅपटॉपच्या पडद्यावर रेघांत दाखवणारं यंत्र, लावला आणि पंखा एक-एक करत चढवला. दोनपर्यंत पडद्यावर दोन रेघा आरशासमोर बसल्यासारख्या, एक वर तर एक खाली, स्वच्छ. तीनवर त्यांच्यावर काटेच काटे उगवले, आणि एकीवर दुसरीपेक्षा मोठे. पंख्याच्या मोटरचे ब्रश झिजले होते, आत ठिणग्या उडत होत्या, हे उघडच होतं. पण झिजलेले ब्रश हजारो गाड्यांत असतात आणि त्यांचं स्टिअरिंग जड होत नाही. या गाडीत कुठेतरी त्या दोन वायरी एकमेकींना सोडून पंख्याच्या जाड वायरीशेजारी पसरल्या असणार. डाव्या बाजूचं, पाय ठेवायच्या जागेवरचं पॅनेल मी काढलं, सतरंजी उलटली, टॉर्च दातांत धरला आणि वायरींच्या जुडीवरून बोट फिरवत गेले. पंख्याच्या खालीच बोटाला एक गाठ लागली. कापडी टेप, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढलेला, शेवटचं टोक आत दुमडलेलं, आणि त्यावर बॉलपेननं तिरक्या अक्षरात घातलेली तारीख. सहा वर्षांपूर्वीची. ते अक्षर ओळखायला मला टॉर्चची गरज नव्हती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर पालकाची सही त्याच अक्षरात आहे.

बाबांनी या वर्कशॉपात एकेचाळीस वर्षं वायरिंग केलं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मालकसुद्धा. तुटलेल्या वायरींना बाबांनी घातलेला जोड म्हणजे बघायची वस्तू. ते वायरी सोलायचे, धुवायचे, आणि मग एक जुना कंगवा होता त्यांच्याकडे, खरोखरचा केसांचा कंगवा, त्यानं ती जुडी विंचरायचे. एकही वायर दुसरीवरून जाता कामा नये, सगळ्या शेजारी शेजारी, सरळ. गुंतलेली वायर म्हणजे आळशी माणूस, असं त्यांचं मत. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि शाळेत जाताना माझे केसही तेच विंचरायचे. विंचरायचे इतके छान की बाईंनी विचारावं. पण वेणी त्यांना कधी जमली नाही. तीन पेड हातात घेतले की गोंधळायचे, चिडायचे, आणि शेवटी सरळ मागे ओढून रबर लावायचे. वेणी घालायला शेजारच्या मावशी यायच्या. मी त्या पॅनेलपाशी गुडघ्यांवर बसले होते आणि टेप सोडवायच्या आधीच मला कळलं होतं आत काय असणार. तरी सोडवली, एकेक वेढा, न फाडता. आत दोन वायरी वीतभर पीळ उलगडून विंचरून सरळ केलेल्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, पंख्याच्या वायरीला समांतर बांधलेल्या. दोन्ही जोड अजून चकचकीत. मला आधी कौतुकच वाटलं. इतकं सुंदर चुकलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथपर्यंत सगळं बाबांचं होतं. पण तारीख माझ्याही ओळखीची होती. त्याच्या चार महिने आधी या नव्या वायरिंगच्या कोर्सची एक जागा वर्कशॉपला मिळाली होती. जागा एक आणि माणसं दोन. मालकांना मास्तरांना सांगायला तोंड होईना, तेव्हा बाबाच म्हणाले होते, हिला पाठवा, या वयात मी कुठे परीक्षा देत बसू. म्हणाले, आणि दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी पाच दिवसांचा कोर्स करून आले, पहिला नंबर घेऊन. तिथे शिकवणाऱ्यानं एक गोष्ट तीनतीनदा सांगितली होती: पिळलेल्या जोडीत जोड घालायचा तर पीळ दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचा नाही, आणि काम झालं की पुन्हा पिळून ठेवायचा. मी परत आले त्या संध्याकाळी बाबांनी ताट पुढे ओढत विचारलं, काय शिकवलं म्हणे. मी म्हटलं, काही नाही, तेच सगळं. ते म्हणाले, मला वाटलंच. त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आणि पुढे कितीतरी वेळा सांगितलं. आपण चांगल्या आहोत हे स्वतःला पटवायला फारसं काही लागत नाही.

मग ही गाडी आली होती, तेव्हा दुसऱ्याच कुणाची होती ती, डाव्या बाजूनं ठोकलेली. जोड बाबांनी घातला आणि टॉर्च मी धरला. ते आता मला असं आठवत होतं की टॉर्चचा खरखरीत दांडासुद्धा तळव्याला जाणवत होता. बाबांनी पीळ उलगडायला घेतला. एक बोट, दोन बोटं. मी बघत होते. तीन. मी तोंड उघडलंसुद्धा. चार. मग कंगवा निघाला. मी बोलले नाही, आणि त्यात त्यांचं मन राखण्याचा संबंध नव्हता. मला आत, खूप आत, बरं वाटत होतं. बावीस वर्षं मी त्या माणसाच्या मागे टॉर्च धरून उभी होते. मला जे जे येत होतं ते त्यांच्या हातून आलेलं, माझी पकड धरायची पद्धतसुद्धा त्यांची. आणि आज एक गोष्ट अशी होती जी मला माहीत होती आणि त्यांना नव्हती. ती मी कडेवर घेतल्यासारखी सांभाळत उभी राहिले. जोड झाल्यावर ते म्हणाले, बघ, याला म्हणतात काम. मी म्हटलं, छान झालंय. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी मी आले.

आमच्या वर्कशॉपात दाराशेजारी एक फळा आहे. पोरं त्याला पापांचा फळा म्हणतात. आमच्यापैकी कुणाच्या कामामुळे गाडी परत आली, तर दोष काय, कारण काय आणि हात कुणाचा हे तिन्ही त्यावर लिहायचं; शनिवारी चारच्या चहाला मालक ते मोठ्यानं वाचतात. दंड नाही, बोलणी नाहीत, फक्त वाचायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ते व्हायला नको. बाबांचं नाव त्या फळ्यावर एकदाही आलेलं नाही, आणि हे ते स्वतः दर शनिवारी एकदा तरी सांगतात. निवृत्त झाल्यापासून एक शनिवार त्यांनी चुकवलेला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून येतात, फळ्यासमोर स्टूल ओढतात आणि लोकांची पापं चवीनं वाचतात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ते स्टूल आणि तो फळा एवढंच त्यांच्याकडे आता कामाचं म्हणून उरलं आहे. आणि तो दिवस शुक्रवार होता.

मला कुणी काही विचारणार नव्हतं. मी पंख्याची मोटर बदलली असती, जोड कापून नवा घातला असता आणि कार्डावर लिहिलं असतं, मोटर खराब. ते खोटंही नव्हतं. सिस्टरची गाडी ठीक झाली असती, बाबा शनिवारी स्टुलावर बसले असते आणि मी, दोन वर्कशॉपना न सापडलेला दोष शोधणारी, चहाबरोबर कौतुक घेतलं असतं. मोटर मी बदललीच. जोडाला मात्र हात लावला नाही. पॅनेल उघडंच ठेवून मी घरी गेले. घरी बाबा शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसले होते आणि मी भाजी चिरत राहिले. मला भीती वाटत होती, हे सांगायला लाज कसली. त्यांच्या नावाची भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. जोड त्यांनी बघितला की ते तारीख बघणार, आणि तारीख बघितली की हिशेब करणार. तो माणूस आयुष्यभर दोष शोधत आला आहे.

सकाळी चहा घेताना मी सांगितलं. म्हटलं, तुमच्या हातचा एक जोड परत आलाय. त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचे जोड तुटत नाहीत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुटलेला नाही, तुटला असता तर आधीच्यांनाच सापडला असता. मग त्यांनी उठून शर्ट बदलला, आणि चारची वाट न बघता माझ्याबरोबर निघाले. रस्ताभर मी बोलत होते, पिळाचं, गोंगाटाचं, चुका मोजणाऱ्या डब्यांचं, सहा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते सगळं, सिग्नलला गाडी थांबली की हातवारे करत. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. एकदाच विचारलं, दोन बोटं म्हणजे कुणाची बोटं, तुझी की माझी. मी म्हटलं, माझी. ते म्हणाले, मग पट्टीनं मोजून सांग, बोटं काय, ज्याची त्याची.

वर्कशॉपात मी जुनी मोटर मुद्दाम परत लावली आणि त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून लॅपटॉप समोर धरला. पंखा तीनवर नेल्यावर काटे उगवले, दिवे पेटले, आणि त्यांनी स्टिअरिंग फिरवून बघितलं. मग मी गुडघ्यांवर बसले, त्यांचा जोड कापला आणि नवा घातला. पीळ दोन बोटं उघडला, त्याहून केसभर जास्त नाही, आणि पुन्हा पिळून मिटवला. या वेळी टॉर्च त्यांनी धरला होता. उजेड पडायला हवा तिथेच पडत होता. जुन्याच मोटरवर पंखा पुन्हा तीनवर नेला. ठिणग्या त्याच होत्या, काटे उगवले, पण दोन्ही रेघांवर सारखेच, आणि डॅशबोर्डावर एक दिवा लागला नाही. बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला त्यांचा अभिमान वाटला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपली चूक इतक्या एकाग्रतेनं बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग त्यांनी कापलेला तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून टेपवरची तारीख वाचली, आणि मी ज्याची वाट बघत होते ते विचारलं.

‘‘तुझा कोर्स आधी, की हा आधी?’’

‘‘कोर्स. चार महिने आधी.’’

‘‘टॉर्च तूच धरला होतास.’’

‘‘हो.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती, तुमचं मन, तुमचं वय, तुमचा मान.

‘‘तेवढंच माझं होतं, बाबा. बाकी सगळं तुमचं होतं.’’

ते गाडीतून उतरले. मला वाटलं, घरी जातील, आणि गेले असते तर मी अडवलं नसतं. मालक दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण ते घाईघाईनं म्हणाले की मास्तर, मोटरच खराब होती हो, फळ्यावर घ्यायची गोष्ट नाही ही. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाजूला झाले. मग फळ्यासमोर जाऊन त्यांनी खडू उचलला आणि लिहायला घेतलं, सावकाश, तिरक्या अक्षरात, दोष काय, कारण काय. पीळ वीतभर उघडा ठेवला, असं लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, पूर्ण. ते नाव त्या फळ्यावर बघताना मला वाटायला हवी होती ती लाज वाटली नाही. ते फळ्यावरचं सगळ्यात देखणं अक्षर होतं. मग त्यांनी खडू माझ्यापुढे धरला, आणि मी त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.

ते दोन पावलं मागे सरकले, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नेहमीसारखं वाचलं.

‘‘बारीक लिहिलंस,’’ ते म्हणाले. ‘‘पूस. माझ्याएवढं लिही.’’